मळी आणि साय

माझ्या आजोबांवरचा लेख मी दिवाळी अंकासाठी लिहायला घेतला आणि तो छापून आला गुढीपाडव्याच्या अंकात. यात संपादकांचा काही दोष नाही. लेख श्रावणातच लिहून झाला होता, तोही दोन दुपारींत. पुढचे सहा महिने मी तो सुधारत होतो.

लिहिणाऱ्या माणसाला घरात थोडा मान असतो. टीव्हीचा आवाज कमी होतो, न मागता चहा येतो, दारात आलेल्याला मुलं हळू आवाजात ‘बाबा लिहायलेत’ असं सांगतात. सुधारणाऱ्या माणसाला यातलं काही मिळत नाही. ‘झालंय न्हवं लिहून? मग दळण तेवढं आणा,’ म्हणून हातात डबा येतो. गिरणीच्या बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून मी एक अख्खा परिच्छेद खोडला आहे आणि पीठ गरम आहे तोवर घरी येऊन तो जसाच्या तसा परत लिहिला आहे.

त्यात आमचं गाव कोल्हापूर. इथं स्वतःला लेखक म्हणवून घ्यायला जरा छाती लागते. या गावात वि. स. खांडेकर राहिले, त्यांच्या ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळालं. इथल्याच एका शाळेत शिकवता शिकवता शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ लिहिली. अशा गावात हजार-बाराशे शब्दांचा लेख घेऊन फिरणारा माणूस म्हणजे खासबागेत कुस्ती चालू असताना बाहेर बैठका मारणारा. निदान बैठका तरी नीट माराव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

लेखाचं पहिलं वाक्य असं होतं: ‘पश्चिमेच्या ओंजळीतून केशराचं दान रंकाळ्याच्या पदरात पडत असे, तेव्हा आजोबा तालमीतून परतत.’ हे सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो होतो. श्रावणात मला ते वाक्य सुंदर वाटलं. भाद्रपदात जरा जास्तच सुंदर वाटायला लागलं. आश्विनात लक्षात आलं, की ओंजळ, केशर, दान आणि पदर असा सगळा ऐवज एकाच ठिकाणी जमलाय. मी वाक्य लिहायला बसलो होतो आणि रंकाळ्याची ओटी भरून उठलो होतो. शिवाय आमचे आजोबा तालमीतून परतायचे ते पहाटे. पहाटे पश्चिमेकडून काय पडणार?

शहाण्या माणसानं ते वाक्य काढलं असतं. मी आजोबांची तालीम संध्याकाळी हलवली.

पण एक गोष्ट हलवली की मागून सगळं घर हलवावं लागतं. आजोबा येताना गंगावेशीत थांबून समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचे. ते संध्याकाळी हलवलं, काही बिघडलं नाही. वाटेत एक म्हातारा फुलवाला त्यांना राम राम घालायचा. त्यालाही संध्याकाळी बसवला. मग आली अंबाबाईची काकडआरती. आजोबा ती ऐकतच घरी यायचे, असं मी पुढच्याच परिच्छेदात लिहून ठेवलं होतं. आजोबांना हलवणं सोपं होतं, ते माझेच. देवीची काकडआरती काही संध्याकाळी हलवता येईना. तेव्हा मी काकडआरती काढली आणि केशर ठेवलं.

बायकोनं वाचलं आणि म्हणाली, “मी वाचलो. बरं झालंय की. पण हा सूर्य मध्येच कशाला काढलासा?”

मी म्हटलं, “वातावरणनिर्मिती.”

“मग काकडआरती कुठं गेली? गेल्या बारीला होती ती.”

मी लेख परत फडताळात ठेवला.

बायको ‘मी वाचलो’ म्हणाली यात चूक काही नाही. आमच्याकडे बायका ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ असंच बोलतात आणि त्यामुळं आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. लेखात माझी आत्या स्वैपाकघरातून ओरडते, ‘थांबा जरा, मी आलोच!’ हा लेख मी पुण्यातल्या एका मित्राला तपासायला पाठवला होता. मित्र सज्जन, व्याकरणाला पक्का. त्यानं तांबड्या शाईनं ‘आलोच’चं ‘आलेच’ करून पाठवलं. वाक्य शुद्ध झालं आणि आत्या गेली. तिच्या जागी हळदीकुंकवाला आलेली कुणी अनोळखी बाई पदर सावरत उभी राहिली. मी ते लगेच पूर्ववत केलं आणि मित्रावर मनातल्या मनात चिडलो. चिडता चिडता ध्यानात आलं, की मित्रानं आत्याचं जे केलं तेच मी आजोबांचं गेले तीन महिने करत होतो.

त्याच मित्रानं आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती मात्र खरी होती. बाराशे शब्दांत ‘जणू’ हा शब्द चौदा वेळा आला होता. मी तांदळातले खडे वेचावेत तसे ते वेचायला बसलो. सात-आठ वेचल्यावर वाक्यं लंगडायला लागली. बघितलं तर काही ठिकाणी ‘जणू’ काढल्यावर मागं काहीच उरत नव्हतं. तिथं खडाच काय तो होता, तांदूळ नव्हताच.

दुसऱ्याचं लेखन सुधारणं त्या मानानं सोपं. एकनाथांनी शके 1506, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते, ते त्यांनी नीट केले आणि वर बजावून ठेवलं, की यात कुणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. नाथांपुढं मी कोण? पण एक सोय त्यांना होती, ती मला नाही. ताटात अमृत कुठलं आणि करवंटी कुठली हे त्यांना दिसत होतं, कारण ताट माउलींचं होतं. आपल्या ताटातली करवंटी आपणच ठेवलेली असते. तीही घासूनपुसून, वर नाव घालून.

आमच्या गावात या दुखण्याचे मोठे मोठे रोगी होऊन गेले, हाच काय तो दिलासा. माधव जूलियन घ्या. राजाराम कॉलेजात शिकवायचे. ‘छंदोरचना’ हा त्यांचा ग्रंथ 1927 साली निघाला. कुणीही म्हटलं असतं, झालं काम. यांनी त्याच विषयावर पुढची दहा वर्षं डोकं घासलं आणि 1937 साली सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली. त्यावर मुंबई विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली. दहा वर्षांच्या सुधारणेला पदवी मिळते, हे मी बायकोला मुद्दाम वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांचं पुस्तक छंदांवर होतं. तुमच्या आजोबांना छंद एकच, तालमीचा.”

याच माणसाची दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. फार्सीचा मोठा व्यासंग; 1925 साली त्यांचा फार्सी-मराठी कोश निघाला, कवितेत फार्सी शब्दांची लयलूट, मराठीत गज्जल रुजवली ती त्यांनीच. आणि 1938 साली त्यांचंच पुस्तक निघालं ते ‘भाषाशुद्धि-विवेक’. ज्या पाहुण्यांना स्वतः अक्षता देऊन बोलावलं, त्यांनाच दारात अडवायची वेळ आली. त्या दिवसांत आपलीच जुनी गज्जल उघडून बसल्यावर त्यांना काय वाटत असेल? मला वाटतं, लेखन सुधारताना खरी अडचण हीच असते. लिहिलेलं असतं एकानं, सुधारायला बसतो दुसराच, आणि सही मात्र दोघांची एक.

या दुखण्याचे दुसरे रोगी बाबूराव पेंटर. त्यांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ काढला, मूकपट. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो ती कथा, आणि त्यात तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. पुढं चित्रपट बोलायला लागला. 1936 साली बाबूरावांनी तोच ‘सावकारी पाश’ स्वतःच पुन्हा केला, या वेळी बोलपट. अकरा वर्षांत हातात आवाज आला होता, अनुभव वाढला होता. तरी आज सिनेमाचा इतिहास सांगणारे बहुतेक वेळा थांबतात ते 1925 च्याच पाशापाशी. मला यातून एवढंच कळतं, की नंतर सापडलेली चांगली गोष्ट आधीच्या चांगल्या गोष्टीला लावली म्हणजे दुप्पट चांगलं होईल, असं काही गणित नाही.

आणि सुधारणेचा शेवटचा टप्पा गाठला तो चित्रकार आबालाल रहिमान यांनी. शाहू महाराजांनी पदरी ठेवलेला हा कलावंत. महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात अजून सांगतात. तुकोबांची गाथा तेराव्या दिवशी वर आली. आबालालांची चित्रं आली नाहीत. कोटितीर्थाच्या तळ्यावरून जाताना मला दर वेळी ते आठवतं, आणि फडताळातल्या लेखाबद्दल उगाच माया वाटायला लागते.

ही माया घेऊनच मी जानेवारीत मामाकडे गेलो. मामाचं गाव करवीर तालुक्यात, मामाचं गुऱ्हाळ रस्त्याला लागून. मराठीत लांबत चाललेल्या गोष्टीला गुऱ्हाळ म्हणतात. ज्यानं हे चालू केलं त्यानं गुऱ्हाळ लांबूनच पाहिलं असावं. खऱ्या गुऱ्हाळात एक आधण दोन-तीन तासांत उतरतं. माझ्या लेखाला सहावा महिना लागला होता.

मी पोहोचलो तेव्हा काहिलीत रस चढला होता. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला गडी वाळली चिपाडं आत सारत होता. रस तापला तसा गुळव्यानं भेंडीचं चिकट पाणी त्यात ओतलं आणि थोड्या वेळानं काहिलीच्या तोंडावर जाड, फेसाळ, हिरवट-करडा थर धरला. ऊन तिरपं पडलं होतं, त्यात तो थर मखमलीसारखा दिसत होता. काहिलीत त्या घडीला सगळ्यांत देखणं काही असेल तर तेच.

मी म्हटलं, “मामा, साय काय सुंदर आलीय!”

मामा हसून हसून खोकला. “मळी हाय ती, भाच्या. उसाचा सगळा घाण-कचरा वर आलाय. वर येतंय ते समदं साय नसतंय.”

गुळव्यानं लांब दांड्याचा झारा घेऊन ती मखमल काठाकडं ओढली आणि बाहेर फेकली. परत थर आला, परत काढला. हात कुठं थबकला नाही, चेहऱ्यावर हळहळ नाही. रस मामाच्या शेतातला, ऊस मामानं वाढवलेला, म्हणून मळी काढायला मामाला काही त्यानं पुढं बोलावलं नाही. मामाही लांब बाजल्यावर बसून होता.

“तुम्ही जात नाही बघायला?” मी विचारलं.

“न्हाई. गूळ उतरायची येळ गुळव्यानं बघायची, धन्यानं लांब बसायचं. धन्याला कवा वाटतंय लवकर उतरा, वजन भरंल. कवा वाटतंय अजून जरा आटू दे, भाव येईल. गुळव्याला ना वजन दिसतंय ना भाव. त्येला फकस्त गूळ दिसतोय.”

रस आटत गेला तसा रंग बदलला. आधी काकवी झाली. भाकरीशी खायला उत्तम, पण तिची ढेप होत नाही. मग फेस सोनेरी झाला, बुडबुडे जड झाले, फुटायला वेळ घेऊ लागले. गुळव्यानं ऊन पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी चाचपला, काही बोलला नाही. पुन्हा टाकला. या खेपेला गोळी झाली. त्यानं नुसती मान हलवली आणि चार जण धावले. काहील ओढून वाफ्यात रिती होईपर्यंत कुणी श्वास घेतला नसेल. मामा म्हणाला, इथं अर्धा चहा पिण्याएवढा उशीर झाला तरी खालून करपतो, मग त्या गुळाला बाजारात कुणी हात लावत नाही.

येताना मामानं दोन गोष्टी सांगितल्या. एक टन ऊस गाळला तर शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. बाकीचं चिपाड, वाफ आणि मळी. आणि दुसरी म्हणजे, गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण हायड्रॉसची पावडर मारतात. “बाजारात गूळ डोळ्याला लागतोय,” मामा म्हणाला, “जिभेला कोण इचारतंय?” कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची पाटी मामानं गुऱ्हाळावर लावली नव्हती. गूळ मात्र काळसर होता आणि मी अर्धा किलोभर खाल्ला.

त्या रात्री घरी येऊन लेख फडताळातून काढला. कागदाला डांबरगोळ्यांचा वास लागला होता. झारा हातात घेतल्यासारखा बसलो. पश्चिमेची ओंजळ काढली. गुळव्याची हळहळ न करायची हातोटी मला जमली नाही. ते वाक्य मी एका चिठ्ठीवर उतरवून साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवलं, पुढं कुठं उपयोगी पडेल म्हणून. आमची आई सुतळीचे तुकडे ठेवायची तसं. ‘जणू’ दोन ठेवले, बारा काढले. तालीम पहाटे परत नेली, त्याबरोबर फुलवाला आणि दूधही गेलं, आणि काकडआरती आपोआप आपल्या जागी येऊन बसली. बाराशे शब्दांचे आठशे राहिले. शेवटी लेखाचं शेवटचं वाक्य वाचलं. ते श्रावणापासून एकदाही बदललेलं नव्हतं: ‘आजोबा जमिनीवर बसून जेवायचे, आणि उठताना हात टेकायचे नाहीत.’ नव्वदीच्या माणसाबद्दल याहून जास्त काही सांगायचं नव्हतं.

बायकोनं वाचलं. “आता आले आजोबा,” म्हणाली आणि आत गेली. गोळी झाली होती. ही माझी गुळवीण. मान हलली की काहील उतरवायची.

मी उतरवली नाही. पाठवायच्या आदल्या रात्री, साडेअकराला, मला वाटलं की ‘जमिनीवर’ हा शब्द जरा उघडाबोडका दिसतोय. जुन्या घरात पाट असायचे. पाट म्हटलं की रांगोळी येते, उदबत्ती येते, संस्कृती येते. आजोबांनी आयुष्यात पाट घेतला नव्हता, ही गोष्ट मला ठाऊक होती. तरी मी ‘जमिनीवर’ खोडलं, डोळ्यांवर झोप असताना नवा शब्द टाइप केला आणि लेख पाठवून दिला. इतक्या वेळा वाचलेला लेख पुन्हा कोण वाचतं? आपलं लेखन वाचताना डोळे वाचतच नाहीत, पाठांतर वाचतं. संपादकांनीही माझ्यावर विश्वास टाकला असणार. सहा महिने सुधारलेल्या लेखात चूक असेल असं कुणाला वाटेल?

पाडव्याला अंक आला. गुढी उभारून झाल्यावर घरात मोठ्यानं वाचन झालं. आठशे शब्दांत एकच चूक निघाली, तीही शेवटच्या वाक्यात, आणि ती सगळी माझी. गेला महिनाभर आमचे आजोबा, तालमीतले गडी, नव्वदीतही ताठ कण्याचे, महाराष्ट्रभर ‘पोटावर बसून’ जेवतायत.